एकवीस दगडांची जेटी

बसा इथंच बांधावर. ओहोटी लागलीय, होडीला अजून तासभर आहे. तोवर खारकोणच्या जेटीची गोष्ट ऐका.

दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या काठाला आमचं खारकोण. नगरपरिषद एवढीशी, नगराध्यक्ष एवढा मोठा. काळुराम भोईर. तीस वर्षं एकच खुर्ची. मधे सीट बायकांना राखीव झाली तेव्हा त्याची बायको शीला नगराध्यक्ष झाली. खुर्ची तीच, बसणारा तोच, नुसती सही शीलाची.

पहिल्या निवडणुकीला काळुरामने जेटीचं भूमिपूजन केलं. ओवाळायला कलावती. ही होडीवरून कोळंबी, चिंबोऱ्या उतरवून डोंबिवलीच्या बाजारात विकायची. ओहोटीला होडी लांब थांबते आणि मधे मांडीएवढा चिखल. डोक्यावर टोपली घेऊन त्यातनं यायचं. आता पाय कोरडे राहणार म्हणून तिने निरांजनात तूप जरा जास्तच घातलं.

जेटी झाली नाय. दगड झाला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं.

पुढे काळुरामने पक्ष बदलला. आता दगडावर जुन्या पक्षाचे साहेब, ते कसं चालायचं? जुना दगड उखडून चिखलात टाकला. नवा दगड, नवा नारळ, ओवाळायला परत कलावतीच. मग पक्ष फुटला. मग जुळला. मग शीलाचं नाव आलं. एकदा तर साहेबांच्या नावाआधी ‘माननीय’ राहून गेलं म्हणून एकाच आठवड्यात दोन दगड.

कलावतीने एक बघितलं. आडवा पडलेला दगड चिखलात बुडत नाय. तिने होडीवाल्यांना सांगून ते ओळीने टाकून घेतले, ढांगेढांगेवर, अक्षरं खाली करून. गुळगुळीत बाजू वर ठेवली तर पाय घसरतो ना! तीस वर्षांत एकवीस दगड झाले. होडीपर्यंत पंचवीस लागतात.

तेवढ्यात गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, चिखलात पाय घालायचा नाय. म्हणजे धंदा बंद. कलावती सरळ काळुरामच्या बंगल्यावर.

“काळू, एक भूमिपूजन कर ना.”

“कशाचं, वहिनी?”

“कशाचं पण कर रे! तुझं कधी त्याच्यावाचून अडलं? मला चार दगड पायजेत.”

काळुरामला काय कळेना. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या इंजिनीयरला, प्रभाकरला घेऊन तो खाडीवर आला. पांढरे बूट घालून चालत गेला, एकविसाव्या दगडावर थांबला. खाली बघितलं. बूट पांढरेच!

“प्रभाकर, हे काय आहे?”

“साहेब, टप्प्याटप्प्याने झालेली जेटी.”

“केली कोणी?”

प्रभाकरने वाकून एक दगड उलटा केला, चिखल पुसला, नाव वाचलं.

“आपणच, साहेब.”

काळुरामचे डोळे भरून आले. आपल्या हातून एवढं काम झालंय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आठ दिवसांत उद्घाटन. बँजो, ड्रोन, ‘शब्द दिला, शब्द पाळला’चे बॅनर. ओवाळता ओवाळता कलावती म्हणाली, “काळू, अजून चार दगड कमी हायेत रे.”

प्रभाकर मधे पडला. “मावशी, कागदोपत्री काम शंभर टक्के पूर्ण झालंय. पूर्ण झालेल्या कामाचं भूमिपूजन नियमात बसत नाय.”

“मग हा उद्घाटनाचा दगड तरी द्या.”

“तो सिमेंटने पक्का बसवलाय.”

खारकोणातलं तीस वर्षांतलं तेवढंच पक्कं बांधकाम!

आता कलावती रोज टोपली घेऊन एकविसाव्या दगडापर्यंत जाते. समोर चार ढांगांवर होडी. चिखलातनं जाऊन माल दुसऱ्याच बायका उतरवतात. ही उभी राहते आणि मागे फिरते.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुम्ही ठाण्याचे असा नायतर कल्याणचे, तुमच्या नाक्यावर असा एक काळा दगड असणारच. तो बसवला त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पेढा खाल्लात, फोटोत पुढे आलात. घरी गेलात की जरा त्याच्या मागे जाऊन बघा, काय बांधलंय का. बांधलं असेल तर राहू द्या, हात जोडतो. नसेल तर उखडून इकडे पाठवा.

पण चारच हां. सगळ्यांनी पाठवले तर खाडी बुजेल.