परबकाकांच्या गळ्यातलं टेहळे कुटुंब

परबकाका एकटे राहतात, पण भिंतीपलीकडून त्यांच्या घरात चौघंजण भांडताना ऐकू येतात. आम्ही नाहूरला नवे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी पलीकडे एक म्हातारा ओरडला, "सगळ्यांना अटक करा!" आणि पाठोपाठ काहीतरी धपकन पडलं. माझी बायको मेधा धावत गेली. दारात काका बनियन-लेंग्यावर उभे, पुस्तकाच्या पानात बोट अडकवलेलं.

"काका, सगळं ठीक ना? कोण पडलं?"

"बाबा पडले गो. रक्त बघितलं. त्यांचा नेहमीचाच आसा."

अशी आमची टेहळे कुटुंबाशी ओळख झाली. गुप्तहेरांचं आख्खं घर आणि त्यांच्या गमतीदार रहस्यकथांची जुनी मालिका. आता ती बाजारात कुठे मिळतही नाही. आजोबा सगळ्यांवर संशय घेणार. बाबा नावाजलेले गुप्तहेर, पण रक्ताचा थेंब दिसला की आडवे. आई मेथी निवडता निवडता गुन्हेगार शोधणार. आणि धाकटी चिंगी प्रत्येक पुस्तकात नेमकी चोरांच्याच टेम्पोत चढून बसणार. कुरियर कंपनीतून रिटायर झाल्यापासून काका हीच पुस्तकं फिरून फिरून वाचतात, तीही मोठ्यांदा, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. पानं चिकटपट्टीवर तगली आहेत. तरी चिंगी टेम्पोकडे निघाली की काका कळवळून ओरडतात, "चढू नको गो, चिंगे!"

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हाला तर शेवट पाठ आहे ना?"

"माका म्हायत आसा रे. तिका खय म्हायत आसा?"

सोसायटीच्या सेक्रेटरींची चप्पल हरवली, तेव्हा काकांनी तपास हाती घेतला. वॉचमनपासून सेक्रेटरींच्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी झाली. चप्पल निघाली काकांच्याच पायात. काका जराही ओशाळले नाहीत. "बघा, आजोबा हेच सांगतात. स्वतःलाही सोडायचं नाही!"

गेल्या वर्षी काकांचा आवाज बसला. आलं झालं, हळद झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी मी त्यांना मुलुंडला डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर छोटी गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, आवाज थोडा बदलू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. गाठ कसली, धोका किती, काकांनी काहीही विचारलं नाही.

"बारीक आवाज निघेल ना?"

"गाता का तुम्ही?"

"नाही. बहीण आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

परतताना रिक्षात काका आपणहून बोलायला लागले. लालबागची एक खोली, वडील गिरणीत, ही चार भावंडं. वाचनालयातून पुस्तक यायचं आणि आधी कोण वाचणार यावरून मारामारी. मग आईनेच सांगितलं, चौघांनी मिळून मोठ्यांदा वाचा. थोरले दादा आजोबा झाले, सुऱ्या बाबा झाला, बेबी आई झाली. काका सगळ्यांत धाकटे, म्हणून चिंगी त्यांच्या वाट्याला.

"सुऱ्या खरोखर पडायचा रे, गादीवर. धपकन. बेबी हसून हसून लोळायची." मग म्हणाले, "तिघं गेली. फोटो आसत सगळ्यांचे. पण आवाज? तेव्हा कोण टेप करून ठेवणार? माझ्या गळ्यात राहिलेत, तेवढेच."

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधी निघाली. काही आठवडे बोलायचं नाही, एवढीच सक्ती होती. पण भिंतीपलीकडची शांतता आम्हालाच सोसवेना. रिक्षातलं सगळं मी मेधाला सांगितलं होतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "चल रे, आपण वाचून दाखवू." मी आजोबा आणि बाबा झालो, मेधा आई. चिंगीची वाक्यं आली की काका नुसते ओठ हलवायचे. आजोबांचा म्हणून मी काढलेला खोकला त्यांना पसंत पडेना. हातवारे करून त्यांनी मला इतका खोकायला लावला की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सुंठ पाठवली.

बोलायची परवानगी मिळाली, त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे बसलो होतो. काकांनी पुस्तक उघडलं. आजोबा झकास जमले. बाबाही जमले. मग आईचं वाक्य आलं. काकांनी गळा ताणला. नुसती हवा आली. पुन्हा ताणला. तेच. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि चष्मा पुसत बसले.

"काका," मेधा म्हणाली, "बेबीआत्या कसं म्हणायच्या? मला शिकवा ना."

"सांगून नाय जमत गो ता."

"सांगून तर बघा."

काकांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "आधी हसायची ती. सुऱ्या पडणार हे माहीत असायचं ना तिला. हसू दाबत म्हणायची. आणि शेवटचा शब्द गिळायची."

मेधाने पुस्तक घेतलं. मेधा अकोल्याची, तिचा सूरच वेगळा. पण हसू दाबत ती म्हणाली, "अगं बाई, पुन्हा पडले का हे!"

काका खिडकीकडे वळले. "घाई करायची जरा. परत म्हण."

मेधाने परत म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. काकांनी डोळे मिटले. आता पाळी चिंगीची होती. मेधाने पान त्यांच्यापुढे धरलं, पण त्यांना पानाची गरज नव्हती. त्या बसक्या, जाड्या आवाजात, घरातल्या सगळ्यांत लहान पोरासारखं त्यांनी विचारलं,

"आई, मी पण येऊ?"