दुसऱ्या आवाजाला शून्य

दोन वर्षं रोज अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलून उल्हासच्या जिभेला तिकडचं नागरिकत्व मिळालं होतं. उरलेला उल्हास बंगळूरच्या मारतहळ्ळीत भाड्याने राहत होता.

त्याची आर्या सातवीत. तिला इंग्रजी व्याकरण शिकवणारे कृष्णात सर निपाणीचे. काळ शिकवताना ते फळ्यावर निपाणीची बस काढत: सुटते, सुटतेय, सुटून गेलीय. आर्याला सगळं समजायचं. पण इंग्रजी वाचताना ती सरांसारखाच हेल काढू लागली आणि उल्हासला तिचं परदेशातलं कॉलेज बुडताना दिसलं.

"ह्यांना सातवीवरून काढा," तो मुख्याध्यापिका श्यामलाबाईंना म्हणाला. "असले उच्चार ऐकून मुलांचं काय होणार?"

"बाबा, नको ना!" आर्या रडकुंडीला आली.

श्यामलाबाई मल्लेश्वरमच्या, थंड डोक्याच्या. "सरी, ठीक आहे. पालकांनीच ठरवावं. काही जण एकच उतारा वाचतील, नावं न सांगता रेकॉर्डिंग ऐकवू. सगळ्यात कमी गुण ज्याला, त्याने सातवीच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही."

कृष्णात सर, खेळाचे सर आणि ग्रंथपाल यांच्या जोडीला उल्हासने नमुना म्हणून स्वतःचाही आवाज दिला. इंग्रजी कशाशी खातात ते ह्या मास्तरांना एकदा कळू दे, म्हणाला.

शनिवारी पालक कागद घेऊन बसले. दुसरा आवाज सुरू झाला आणि उल्हासने कपाळाला हात लावला. गालात सुपारी धरून बोलल्यासारखा प्रकार. 'हाच तो निपाणीकर,' म्हणत त्याने शून्य दिलं, शेजारच्या अलकाताईंनाही द्यायला लावलं. तिसरा मात्र स्वच्छ, शब्द न शब्द कळणारा. हा अर्थातच आपला! त्याने दहापैकी दहा दिले आणि विनयाने मान खाली घातली.

श्यामलाबाईंनी निकाल वाचला. तिसरा आवाज कृष्णात सरांचा, पहिला आला. दुसरा आवाज उल्हासचा, शेवटचा.

उल्हास उभाच राहिला. अलकाताई कागदाआड हसत होत्या. कृष्णात सरांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा की सर. रेकॉर्डिंगमध्ये आवाज बदलतोय सगळ्यांचाच."

परतताना दोघं रिक्षात बसले. आर्याने डायरी उघडली.

"शुक्रवारी पालकसभा आहे, सातवीच्या वर्गात. आईला पाठव, बाबा," ती सरांचा हेल काढून म्हणाली. "तुला आत पाऊल टाकायचं नाही की."