एक सुटलेली शेपटी

"मावशी, हात काढा! तो माझ्या पप्पांचा आहे!"

जिग्नेशभाई ओरडत होता. पंतनगरातल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तेव्हा मार्कशीटच्या प्रती काढायला अर्धं घाटकोपर लोटलं होतं, आणि काउंटरवर पेपर अंथरून आमच्या सुलूमावशीने जिग्नेशभाईच्या स्वर्गवासी वडिलांचा कॅल्क्युलेटर उताणा पाडला होता. चारही स्क्रू तिच्या दातांत.

"बोंबलू नको रे. दुखत नाही त्याला," स्क्रू न सांडता ती म्हणाली.

सुलोचना कांबळे, वय सदुसष्ट, आमच्या बिल्डिंगचा तिसरा मजला, एकटा जीव. माझी सख्खी मावशी नव्हे. पण तिला मावशी न म्हणणारा माणूस पंतनगरात मी पाहिलेला नाही, पोस्टमन धरून. इतर बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात. ही स्क्रूड्रायव्हर, चिमटा, कटर आणि भिंग ठेवते.

जुना कॅल्क्युलेटर तिला वासाने कळतो. खोटं सांगत असेन तर लिफ्ट बंद पडो. (ती तशीही बंदच असते.) एका लग्नात जेवणाच्या रांगेत ती अचानक थबकली, नाक वर केलं आणि सरळ जाऊन नवरदेवाच्या आजोबांच्या कोटात हात घातला. आजोबा लाजले. कोटातून कॅल्क्युलेटर निघाला. गुलाबजाम यायच्या आत तो उघडून, बघून, बंद करून परत खिशात गेला होता. आजोबा नंतर चार दिवस तिचा पत्ता विचारत होते म्हणे.

"आधी पोट दाखव," हे तिचं एकमेव वाक्य. यंत्राला तेच, माणसालाही तेच. मी नवा फोन घेतला तेव्हा कौतुकाने तिच्यापुढे धरला.

"पोट दाखव."

"मावशी, हा उघडत नाही."

"मग कसला रे तो!" म्हणून तिने माझे तीस हप्ते एका फटक्यात मातीत घातले.

वयाच्या विशीत ती अंधेरीच्या एका कारखान्यात कॅल्क्युलेटर जोडायची. त्यामुळे उघडला की लेक्चर सुरू. "हे बघ नंद्या, लाल आकडा असतो मुंगीएवढा. म्हणून प्रत्येकावर बारीक भिंग बसवलंय. ही बटणाखालची पत्री. दाबली की वाकते, सोडली की उडी मारते, म्हणून टक वाजतं. आणि मधे हा काळा किडा. सगळी अक्कल याची. गंमत माहितीये? आठ आकडे एकदम कधीच पेटत नाहीत. एका वेळी एकच. पण एवढ्या घाईत की आपल्याला वाटतं, सगळे सोबत आहेत."

जिग्नेशभाईच्या पप्पांचं पोट तिने भिंगातून पाहिलं. मग "नाही" म्हणाली. हे 'नाही' मी हजारदा ऐकलंय. गंजलेल्या टोकांना तिने खोडरबर घासलं, सेल घातले, आणि पंधरा वर्षं मेलेला तो कॅल्क्युलेटर लाल डोळे उघडून बसला. मघाशी पोलिसांना बोलवायला निघालेला जिग्नेशभाई आता तिच्या पाया पडत होता. त्या दिवशी बिल्डिंगभर झेरॉक्स फुकट.

परतताना मी विचारलं, "मावशी, खरं सांग. तू शोधतेस काय?"

"शेपटी."

मला वाटलं, झालं, वाट लागली. म्हातारी गेली कामातून.

पण ती जिन्यातच बसली आणि सांगू लागली. तिच्या शेजारच्या टेबलावर मनोरीची फिलू बसायची. पहाटेची फेरी बोट, मग मार्व्याहून बस, तरी सुलूच्या आधी हजर. हात असा वेगवान की बाकीच्या पोरी बघत राहायच्या. खोड एकच. सोल्डरिंगचा डाग दिल्यावर वर उरलेली तार कापायची नाही. प्रत्येक जोडाला एक वाकडी शेपटी. सुपरवायझरने पाहिलं तर घरी बसवेल, म्हणून सुलू गुपचूप तिच्या शेपट्या कापायची. दिवसाला शेकड्यांनी.

"एका शनिवारी तिचा एक ट्रे कापायचा राहिला. मी कटर घेतला, तर म्हणाली, राहू दे गो, सोमवारी काप. आणि बोट गाठायला पळाली. सोमवारी गेटला कुलूप. त्या ट्रेला कुणीतरी झाकणं लावून माल विकून टाकला."

"आणि फिलू?"

"रोज भेटायचो, पत्ता कोण विचारतो? मनोरीला जाऊन फिलोमिना विचारलं, तर सात दारांतून सात फिलोमिना आल्या. आडनाव मला ठाऊकच नव्हतं." ती हसली. "तीन वर्षं मीच तिच्या खुणा कापत होते रे. आता एक सुटलेली शोधतेय."

मी घरी गेलो आणि माळा उपसला. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, अंधेरी स्टेशनबाहेर हातगाडीवरून घेतलेला एक कॅल्क्युलेटर कुठेतरी होता. झुरळांच्या तीन पिढ्या विस्थापित केल्यावर तो सापडला. धूळही न पुसता तिसऱ्या मजल्यावर धावलो.

तिने चार स्क्रू काढले. भिंग लावलं. मी 'नाही'ची वाट बघत राहिलो. ते येईना.

मी डोकावलो. प्रत्येक डागातून तांदळाच्या दाण्याएवढी तार वर आलेली, प्रत्येक जराशी डावीकडे वाकलेली. मावशीचं बोट त्यांवरून हळूच फिरत होतं, झोपलेल्या पोराच्या केसांवरून फिरावं तसं.

मला शांतता सोसत नाही. तिच्या पर्समधला कटर काढून मी पुढे धरला. "घे मावशी! राहिलेलं काम उरक!"

तिने कटर घेतला, पर्समध्ये परत ठेवला आणि चेन लावली.

"सोमवारी," ती म्हणाली.