हाजी दियाबांचा पेला

“एक, दोन. एक, दोन,” असं खालच्या बागेतून कुणीतरी माइकमध्ये म्हणालं आणि अबू घस्सानांच्या हातातल्या पेल्यातला चहा थरथरला.

अम्मानजवळच्या सल्त गावात घरं डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेली आहेत. खाली कुणी शिंकलं तर वर चार घरं “अल्लाह बरं करो” म्हणतात. अशा गावात अबू सनद नावाच्या गृहस्थांनी आपली अंजिराची बाग साफ केली, टेबलखुर्च्या मांडल्या, झाडांना दिवे बांधले आणि मागच्या उन्हाळ्यापासून तिथे रोज संध्याकाळी गाणंबजावणं सुरू केलं. भोंगे त्यांनी वर तोंड करून लावले. वर अबू घस्सानांचं घर होतं.

आतल्या खोलीत त्यांची मुलगी हनीन तौजिहीचा अभ्यास करत होती. तौजिही म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. त्या परीक्षेच्या महिन्यात सल्तमध्ये घरातले लोक पावलांचा आवाज न करता चालतात, पाहुणे येत नाहीत आणि भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. हनीनला डॉक्टर व्हायचं होतं. डॉक्टर व्हायला एकेक गुण लागतो.

“आम्ल आणि आम्लारी एकत्र आले,” हनीन डोळे मिटून म्हणत होती, “की तयार होतात क्षार आणि...”

खालून गायकाने सूर लावला.

“...आणि हरिणीचे डोळे,” हनीन म्हणाली आणि तिने वही भिंतीवर फेकली.

गाण्याचं एक वेळ चाललं असतं. पण दर गुरुवारी, प्रत्येक गाणं संपलं की बागेतला कुणीतरी एक लांबलचक शिट्टी मारायचा आणि त्यावर गायक खूश होऊन तेच गाणं परत म्हणायचा. अबू घस्सानांचा सगळा राग त्या शिट्टीवर होता.

“कुणाचं कार्टं आहे कोण जाणे,” ते म्हणायचे. “आईबापांनी काही वळणच लावलं नाही.”

त्यांनी अबू सनदना फोन केला. अबू सनद म्हणाले, “या ना बागेत. तुमच्यासाठी पुढचं टेबल ठेवतो.” पोलीस चौकीत गेले. तिथला हवालदार म्हणाला, “परवाना आहे हो त्यांच्याकडे. आणि खरं सांगू, गायक चांगला आहे.” दोन उशा फोडून त्यांनी खिडकीत कापूस कोंबला. उकाड्याने हनीनला चक्कर आली. कापूस काढला.

“अहो, फोन करून आणि चौकीत जाऊन शेजाऱ्यांशी बोलतात का?” त्यांच्या पत्नी उम घस्सान म्हणाल्या. “जाहा घेऊन जा. चार वडीलधारी माणसं घरी आली तर अबू सनद नाही म्हणणार नाहीत.”

हे मात्र खरं होतं. जाहा म्हणजे मानाच्या माणसांचं शिष्टमंडळ. यजमान वेलदोड्याची कडू कॉफी देतो. शिष्टमंडळाचा प्रमुख पेला घेतो आणि न पिता समोर ठेवतो. मग मागणी सांगतो. यजमान “कॉफी प्या” म्हणाला की मागणी मान्य. मग सगळ्यांनी प्यायची. एकदा प्याली की कुणाच्याच बापाला ते फिरवता येत नाही.

आणि त्या उतारावर जाहाचा प्रमुख म्हणजे हाजी दियाब. दुसऱ्या कुणाला नेलं असतं तर हाजींनी मरेपर्यंत सलाम घेतला नसता. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. त्यांच्या पेल्यातली कॉफी आजवर कधी थंड झाली नव्हती. अडचण एवढीच, की हाजींना ऐकू फार कमी यायचं. उतारावर त्या बागेचा त्रास न झालेला तो एकटाच माणूस.

सोमवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर अबू घस्सान, शेजारचे दोघे आणि हाजी गाडीतून निघाले. हाजींनी ठेवणीतला अबा, म्हणजे पायघोळ झगा, अंगावर घेतला होता. शेजारचे दोघे मागे बसून बागेच्या नावाने बोटं मोडत होते.

“तुझा पोरगा घस्सान नोकरीला लागला म्हणे,” हाजी म्हणाले.

“हो, अम्मानला. बँकेत,” अबू घस्सान त्यांच्या कानाशी ओरडले.

“पगार बरा आहे ना?”

अबू घस्सानांनी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला चौकशा असतातच.

बागेच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काय मागायचं ते हाजींना कुणी नीट सांगितलंच नाही. त्यांनी हाजींच्या कानाशी तोंड नेलं. “हाजी, एवढंच म्हणायचं, की परीक्षा संपेपर्यंत...” नेमक्या त्या वेळी आत ढोलवाल्याने संध्याकाळची तयारी सुरू केली. अबू घस्सान ओरडले. ढोल वाजला. ते आणखी ओरडले. शेजारच्या दोघांनाही काही ऐकू आलं नाही, मग हाजींची काय कथा.

“कळलं, कळलं,” हाजी त्यांचा दंड थोपटत म्हणाले. “हे मला शिकवतोस? तू जन्मला नव्हतास तेव्हापासून करतोय.”

अबू सनदनी दारात येऊन मिठ्या मारल्या, ढोल थांबवायला सांगितला, बैठकीत गाद्यांवर बसवलं. कॉफी आली. हाजींनी पेला घेतला आणि समोर ठेवला. बैठक शांत झाली. अबू घस्सानांना धीर आला.

हाजींनी अल्लाहची स्तुती केली. मग अबू सनदच्या आजोबांची केली. मग अबू घस्सानांच्या आजोबांची. अबू घस्सान मनात म्हणत होते, आता बागेवर येतील.

“आणि म्हणून,” हाजी म्हणाले, “आम्ही आमच्या घस्सानसाठी तुमची लेक लमीस हिचा हात मागायला आलो आहोत.”

अबू घस्सानांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पण जाहाच्या प्रमुखाचं बोलणं मध्येच तोडणं म्हणजे भर बैठकीत त्याचा फेटा उतरवण्यासारखं. शेजारचा एक जण छताकडे पाहू लागला. दुसरा खोकला.

अबू सनदही गोंधळले. पण अशा गोष्टी आधी बायकाबायकांत ठरतात आणि बापाला शेवटी कळतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.  मग आतून लमीसच्या आईचा लांब, खणखणीत आनंदाचा उलूलू ऐकू आला.

“कॉफी प्या,” अबू सनद म्हणाले.

हाजींनी पेला उचलला. शेजाऱ्यांनी उचलला. सगळे अबू घस्सानांकडे पाहू लागले. त्यांनीही उचलला.

घरी आल्यावर उम घस्सान दारातच उभ्या होत्या. “मान्य केलं?”

“केलं.”

“गाणं बंद?”

“नाही. घस्सानचं लग्न.”

उम घस्सान पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “तुम्हाला एक काम सांगितलं होतं.”

अबू घस्सानांनी कपाळाला हात लावून मुलाला फोन लावला. “बाळा, घोटाळा झालाय. रागावू नकोस. ती बागवाल्याची लमीस...” त्यांनी सगळं सांगितलं. 

“बाबा, सगळ्यांनी कॉफी प्याली?”

“प्याली.”

“तुम्ही पण?”

“मी पण. माफ कर रे. आता यातून मार्ग कसा...”

फोनमधून शिट्टी ऐकू आली. लांबलचक. अबू घस्सानांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. दर गुरुवारी घस्सानला बँकेत उशीर का होतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

“तरी म्हटलं, ही शिट्टी ओळखीची वाटते,” उम घस्सान म्हणाल्या. “वळण कुणी लावलं नाही म्हणत होता तुम्ही?”

त्या संध्याकाळी बागेत गायकाने सूर लावायच्या आतच अबू सनदनी माइक घेतला. “मंडळी, माफ करा. आमच्या व्याह्यांच्या मुलीची तौजिही आहे. ती संपेपर्यंत इथे टाळीसुद्धा वाजणार नाही. जेवण आहे, पोटभर जेवा.” शेजाऱ्याला परवाना दाखवता येतो. व्याह्याला कोणता परवाना दाखवणार?

उतारावर शांतता पसरली. इतकी, की हनीन दार उघडून बाहेर आली.

“बाबा, तुमच्या चपलांचा आवाज येतोय.”

अबू घस्सान महिनाभर घरात अनवाणी फिरले.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. हनीनला वैद्यकीयला पुरून उरतील एवढे गुण मिळाले. पुढच्या शुक्रवारी घस्सानचं लग्न, अर्थातच बागेत. आणि आता अबू घस्सान रोज खाली जाऊन व्याह्यांना सूचना करू लागले. “हे भोंगे लहान आहेत. अम्मानहून मोठे आणा. माझ्या एकुलत्या एक मुलाचं लग्न आहे. पलीकडच्या डोंगराला कळलं पाहिजे.”

“व्याही, तुम्हीच ना चौकीत गेला होता?” अबू सनदनी विचारलं.

“ते गाणं होतं. हे लग्न आहे.”

लग्नाच्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर ठेवणीतला अबा घालून हाजी दियाब आणि मागे गल्लीतली चार माणसं उभी होती. अबू घस्सानांनी त्यांना बसवलं. कॉफी आली. हाजींनी पेला घेतला आणि समोर ठेवला.

अबू घस्सान पेल्याकडे बघत राहिले. लग्नाच्या दिवशी जाहा? हाजींनी अल्लाहची स्तुती केली. मग आजोबांची. “आणि तुमची हनीन,” हाजी पुढे म्हणाले, “तिने गल्लीचं नाव काढलं. अशी मुलगी ज्या घरात...”

हाजींना लग्नाचे चार नातू होते. अबू घस्सानांच्या डोळ्यांसमोर चौघेही उभे राहिले. मागे हनीन, हातात वैद्यकीयच्या पुस्तकांऐवजी पोळ्यांचं पीठ. मागणी तोंडातून निघाली की संपलं. निघायच्या आत काहीतरी दुसरं मान्य करून टाकायला हवं होतं. आणि आजच्या दिवशी गल्लीला दुसरं काय हवं असणार?

“गाण्याचंच ना?” ते हाजींच्या कानाशी जीव खाऊन ओरडले. “मान्य. आज एकही भोंगा लागणार नाही. शब्द दिला. कॉफी प्या.”

हाजींनी मागे पाहिलं. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण यजमान कॉफी प्या म्हणाला होता. सगळ्यांनी प्याली, जरा नाराजीनेच.

“तुमची मर्जी,” निघताना शेजारचा म्हणाला. “आम्ही आलो होतो, एक भोंगा वर गल्लीकडे वळवा म्हणायला. आमच्या म्हाताऱ्यांना पायऱ्या उतरवत नाहीत. गच्चीत बसून ऐकणार होत्या. हाजी तेच म्हणत होते, अशी मुलगी ज्या घरात आहे, त्या घरचं लग्न सगळ्या गल्लीचं.”

संध्याकाळी अम्मानहून आलेले भोंगे बागेच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून राहिले. गायक माइकशिवाय गायला, पहिल्या तीन टेबलांना ऐकू येईल एवढं. चौथ्या टेबलापासून लोक मन्सफचा मटणभात खात हवापाण्यावर बोलत होते. वर गच्च्यांच्या कडेला म्हाताऱ्या बायका कानामागे हात धरून वाकल्या होत्या. गाणं संपलं की नवरदेव शिट्टी मारायचा, तेवढी मात्र त्यांना ऐकू जात होती.

“व्याही,” अबू सनद हळूच म्हणाले, “लोक विचारतायत, कुणी गेलं का?”

अबू घस्सान पहिल्या रांगेत हाजींच्या शेजारी जाऊन बसले. हाजी मान डोलवत होते. त्यांनी अबू घस्सानांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“छान चाललंय,” ते म्हणाले. “नेहमी असंच असतं का इथे? मग त्या दिवशी गाडीतून येताना तुम्ही सगळे एवढे चिडलेले कशावर होता?”