आनंदीबाईंच्या खुर्चीतली स्टेपनी

शरच्चंद्र लवाट्यांच्या गाडीत अकरा वर्षं स्टेपनी होती आणि अकरा वर्षांत गाडी एकदाही पंक्चर झाली नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे, असं लवाट्यांचं ठाम मत होतं. सहकारनगरातल्या त्यांच्या सोसायटीत ते मत ऐकलं नाही असा माणूस उरला नव्हता. शेजारच्या आमोदने नवी गाडी आणली, तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी लवाट्यांनी त्याला डिकी उघडायला लावली.

"काका, हल्ली स्टेपनी येतच नाही. पंक्चर किट देतात."

"छान. उद्या गाडीऐवजी गाडीचा फोटो देतील. तोही घ्या."

असे हे लवाटे. पण मंगळवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने स्टेपनी बाहेर काढली, आणि त्याला कारण होत्या त्यांच्या पत्नी, आनंदीबाई.

आनंदीबाई मुलीच्या, स्वरालीच्या, बाळंतपणासाठी टोरांटोला गेल्या त्याला सात महिने झाले होते. निघताना विमानतळावर त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा लवाटे म्हणाले होते, "पोचल्यावर कळव. मी इथे मजेत राहीन." ही दोन वाक्यं त्यांना सात महिने टोचत होती. मजा पहिल्या तीन दिवसांत संपली. मग ते दोघांचा चहा टाकू लागले आणि दुसरा कप गार झाला की तोही स्वतःच पिऊ लागले. व्हिडिओ कॉलवर नात दिसायची, पाळणा दिसायचा, आनंदीबाईंचा मात्र फक्त हात दिसायचा, तोही दुपट्याच्या घड्या घालताना. "आणखी काय?" असं त्या विचारायच्या आणि लवाटे सांगायचे, "काही नाही. पाणी व्यवस्थित येतंय."

आता मात्र त्यांनी ठरवलं होतं. बुधवारी सकाळी आठला विमान उतरेल. ती बाहेर येईल तेव्हा आपण अगदी पुढे उभं असायचं आणि सरळ म्हणायचं, "तुझ्याशिवाय घर खायला उठतं गं." दाढी करताना आरशासमोर त्यांना हे वाक्य चांगलं जमत होतं.

अडचण बॅगांची होती. दोन मोठ्या बॅगा, असं आनंदीबाईंनी कळवलं होतं. लवाट्यांच्या डिकीत गॅसची टाकी, टाकीपुढे स्टेपनी, आणि उरलेल्या जागेत टेपने मोजून एकच बॅग. दुसरी मागच्या सीटवर टाका, असं आमोदने सुचवलं. पण ब्रेक दाबला की मागची बॅग पुढच्याच्या मानेवर येते, हा लवाट्यांचा जुना सिद्धांत होता. सात महिन्यांनी येणाऱ्या बायकोच्या मानेवर त्यांना काहीही येऊ द्यायचं नव्हतं.

स्टेपनी पार्किंगमध्ये ठेवली तर चोरीला जाईल म्हणून त्यांनी ती घरात आणली. गॅलरीत कुंड्या होत्या, फरशीवर डाग पडला असता. शेवटी ती खिडकीजवळच्या आनंदीबाईंच्या वेताच्या खुर्चीत बसवली. खाली पेपर घातला आणि धूळ बसू नये म्हणून वरून आनंदीबाईंची शाल. सात महिने रिकामी दिसणारी खुर्ची भरल्यासारखी दिसली आणि लवाट्यांना उगाचच बरं वाटलं. चहा घेताना वाक्याची एक तालीम त्यांनी स्टेपनीसमोरही केली.

बुधवारी सातला ते निघाले. मार्केट यार्डाच्या गेटापाशी रस्त्यात एक फुटका क्रेट पडला होता. त्याची पत्र्याची पट्टी लवाट्यांना दिसली, पण चाक वरून गेल्यावर दिसली. समोरच पंक्चरचं दुकान होतं, म्हणून त्यांना हायसं वाटलं. दुकानदार बद्रीनाथने वाकून पाहिलं.

"काका, साइडनं फाटलाय टायर. पंक्चर काढून भागायचं न्हाई. स्टेपनी काढा, पाच मिंटात बसवतो."

लवाट्यांनी रुमालाने टायरवरची धूळ पुसली.

"स्टेपनी, काका."

"घरी आहे."

"घरी? घरी काय करती?"

खुर्चीत बसलीये, असं उत्तर लवाट्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. आमोदला फोन केला, तर तो कंपनीच्या बसने हिंजवडीच्या वाटेला लागला होता. स्वतः रिक्षाने घरी जाऊन यावं, तर गाडी निम्मी गेटात आणि मागे कांद्याचे ट्रक. गाडी सोडून गेलात तर हमाल ती उचलून कांद्यात टाकतील, असं बद्रीनाथने बजावलं. ते गाडी इंच इंच बाजूला ढकलून घेत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, विमान अर्धा तास आधी उतरलं. मी बाहेर आलेय. तुम्ही दिसत नाही."

"मार्केट यार्डात आहे."

"भाजी घेताय?"

"टायर फाटला."

"मग स्टेपनी लावा."

"ती घरी आहे. तुझ्या बॅगा मावाव्यात म्हणून काढली."



"विमान बदलताना बॅगा दिल्लीलाच राहिल्यात. उद्या घरी पोचवणार आहेत. माझ्याकडे फक्त पर्स आहे."

लवाट्यांनी गाडीच्या टपाचा आधार घेतला.

"तिथेच थांबा. किल्ली आहे माझ्याकडे. घरून स्टेपनी घेऊन येते."

"अगं, पण आधी इकडे..."

फोन बंद झाला होता. पाऊण तासाने एक रिक्षा त्यांच्यासमोरून गेली. आत आनंदीबाई होत्या. लवाट्यांनी दोन्ही हात हलवले. आनंदीबाईंनी ट्रॅफिक हवालदारासारखा पंजा दाखवला आणि रिक्षा सहकारनगरच्या दिशेने गेली. सात महिने जिची वाट पाहिली ती बायको सात सेकंद दिसली. लवाट्यांना खरंच रडू आलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन आला.

"अहो, माझ्या खुर्चीत माझी शाल पांघरून हे काय बसलंय?"

"धूळ बसू नये म्हणून..."

"समोर चहाचा कप आहे."

"माझाच."

"दोन आहेत."



रिक्षा आली तेव्हा आनंदीबाई एका कडेला अंग चोरून बसल्या होत्या आणि शेजारी शाल पांघरलेली स्टेपनी ऐसपैस. आनंदीबाई वाळल्या होत्या, केसही बरेच पांढरे झाले होते. लवाटे पुढे झाले, वाक्यासाठी तोंड उघडलं, आणि बद्रीनाथने स्टेपनी जमिनीवर आपटली. ती टप्पकन तिथेच बसली.

"काका, हिच्यात हवाच न्हाई."

आनंदीबाईंनी लवाट्यांकडे पाहिलं. "दर महिन्याला पंपावर मी सांगायचे, स्टेपनीतही हवा बघा. तुम्ही म्हणायचात, कटकट करू नकोस. सात महिन्यांत एकदाही बघितली नाहीत?"

मागे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. चार हमाल उत्तराची वाट पाहत उभे होते. पाठ केलेलं वाक्य लवाट्यांना काही केल्या आठवेना.

"सांगायला कोणी नव्हतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

आनंदीबाईंनी शालीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग बद्रीनाथला म्हणाल्या, "हवा पस्तीस भरा."

चाक बसलं, गाडी निघाली. सिग्नलला आनंदीबाईंनी विचारलं, "आणखी काय?"

"काही नाही," लवाटे म्हणाले. "पाणी व्यवस्थित येतंय."

आनंदीबाई हसल्या आणि त्यांनी शालीने डोळे पुसले. त्या शालीत रात्रभर टायर होता. दोन्ही गालांवर काळे पट्टे उमटले. सांगावं की न सांगावं, या विचारात लवाटे प्रत्येक सिग्नलला त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. लग्नानंतर इतकं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून आनंदीबाई लाजल्यासुद्धा.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये आरसा आहे, हे लवाट्यांना लिफ्टचं दार बंद झाल्यावर आठवलं.