काझी सर पाणी पीत नाहीत

काझी सरांच्या हाती पाण्याचा पेला दिला की ते आधी तो नाकाला लावतात. मग उजेडात धरतात. मग घरमालकाकडे संशयाने बघत विचारतात, "कोन्या विहिरीचं?" उत्तर पटलं नाही तर पेला खाली. मागून चहा आला तर तोही परत.

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाने पाणी नाकारलं म्हणजे घरादाराचा अपमान झाला. सरांना हे ठाऊक नाही असं नाही. ते मलकापूरच्या व्यापारी घरातले, इथलेच. तरीही आमच्या बुलढाण्याच्या कॉलेजातला हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक मोताळा तालुक्यात 'माजोरडा मास्तर' म्हणून ओळखला जायचा. मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसणारा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, त्यामुळे निम्म्या शिव्या मलाही मिळायच्या.

याला कारण एक करार. विद्यापीठ आणि आरोग्य खातं मिळून कपाशीच्या गावांतल्या विहिरींवर लक्ष ठेवणार होते. बीटी कपाशी आली तेव्हा आता फवारणी संपली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. कसली संपते. मावा-तुडतुडे तिथंच राहिले, काही वर्षांनी बोंडअळीही परतली, फवारणी वाढली. आणि पंप धुवायला विहिरीचा काठ सोयीचा. आम्ही पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, सरांनी तपासायच्या. मात्र दोन्हीकडच्या सह्या झाल्याशिवाय निकाल गावात सांगायचा नाही, असं कलम होतं. सरांनी त्याखाली सही केली होती.

निकाल आले. काही विहिरींत फवारणीचं औषध उतरलं होतं. सह्या मात्र होईनात. का, तर अहवालाच्या मुखपृष्ठावर डावीकडे विद्यापीठाचं बोधचिन्ह घ्यायचं की खात्याचं, हे ठरेना. त्या बैठकीला मी स्वतः होतो. तिकडे बाया तेच पाणी शेंदत होत्या आणि इकडे शिकलेली माणसं काजू खात चिन्हं सरकवत होती. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

सर उठून म्हणाले, "साहेब, चित्र कुठीबी लावा. मानसाचं पोट तं मधातच राह्यते." त्यांना खाली बसवण्यात आलं.

"मग सरळ गावात सांगून टाका ना," परतताना मी म्हणालो.

"सही केली हाय म्या." थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली. "पन बोलनार नाई, हे लिहून देल्लं. पिईन, हे कुठी लिहून देल्लं?"

तेव्हापासून सर दारोदार पाणी मागत सुटले. चांगल्या विहिरीचं असलं की घटाघटा प्यायचे. वाईट असलं की चारचौघांत नाक मुरडून परत करायचे.

धामणगाव बढ्याला त्यांची थोरली बहीण, मेहरून आपा. आई लवकर गेली, सरांना हिनेच वाढवलं. सरांनी लग्न केलं नाही. बुलढाण्यातली एक खोली आणि ही आपा, एवढाच त्यांचा संसार. नेमकी तिच्याच अंगणातली विहीर वाईट निघाली. आम्ही गेलो तेव्हा आपाने लख्ख घासलेला पेला पुढे केला. दीर-जावा बघत होते. सरांनी वास घेतला आणि पेला ओट्यावर ठेवला.

"माह्या हातचं पानी कडू झालं का रे आता?" आपा म्हणाली.

सर चपला घालून निघाले. बाहेर येऊन मात्र त्यांनी खातं, विद्यापीठ आणि करार टाइप करणारा, सगळ्यांचा उद्धार केला. त्या ईदला आपाकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही. मी खोलीवर गेलो, तर सर एकटेच चहात पाव बुडवून खात बसले होते. माझ्यावर उगाच खेकसले.

पण बाया विहिरीवर बोलतात. मास्तर कुठे प्याला, कुठे नाही, हे त्यांनी आपसांत जुळवलं. हळूहळू घागरी दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या. खात्याला आणि विद्यापीठाला याचा पत्ता नव्हता.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. सर आपाच्या दाराबाहेरच घुटमळले. तीच पेला घेऊन बाहेर आली. सरांनी तो सवयीने नाकाकडे नेला.

"हुंगू नको," आपा म्हणाली. "मशिदीजवळच्या विहिरीचं हाय. घागर तिथूनच आनतो आता. तू तिथलं पानी प्याला म्हनते सारं गाव. मले काऊन नाई सांगितलं रे?"

"सही केली होती, आपा."

"बरं, पी."

सर प्यायले. पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. ती भरत गेली, ते पीत गेले. तहान कसली, वाटेत मोताळ्याला आम्ही दोघंही पोटभर पाणी पिऊन निघालो होतो.

परतताना बुलढाण्याचा घाट चढेपर्यंत सरांनी कुणालाच शिवी दिली नाही. अहवाल अजून सहीवाचून पडलेला होता, म्हणून मागे बसून ते काम मी केलं.