क्रॅडकसाहेबांची झाकलेली टोपली

"माझ्या बागेतलं पानसुद्धा मला विचारून गळतं!" असं मॉड टॅपस्कॉटबाई गावभर सांगत. बाग लोकांना खुली होती खरी, पण फाटकातून आत येणारा प्रत्येक जण बाईंच्या लेखी चोरच!

फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी फुलं बघायला शेजारच्या गावचे क्रॅडक आले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, एकटा, सडपातळ गृहस्थ. पण फुलं राहिली बाजूला, हा आपला भिंतीशी ओणवा होऊन ओलसर फटी न्याहाळतोय!

"अहो, हा कंद उपटणार!" बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या.

"अगं, गुडघे धरले असतील बिचाऱ्याचे," सेड्रिक म्हणाले.

मे महिन्यात ब्लूबेल फुलल्या आणि क्रॅडक पुन्हा हजर. या वेळी हातात फडक्याने झाकलेली टोपली! बाईंनी मांजरीसारखा डोळा ठेवला, पण नेमकी चहाची किटली उतू गेली आणि तेवढ्यात माणूस झुडपाआड गडप. परत निघताना बाईंनी त्यांना फाटकातच गाठलं.

"टोपली दाखवा!"

टोपली रिकामी!

"काही हरवलंय का आपलं?" क्रॅडकनी इतकं गोड विचारलं, की बाईंचा संशय दुप्पट झाला.

जूनमध्ये गुलाबांच्या वेळीही तेच. टोपली रिकामी आणि बाईंच्या लाडक्या होस्टा या शोभेच्या झाडाच्या रुंद पानांची मात्र चाळण! ऑगस्टमधल्या गावच्या प्रदर्शनात होस्टाचा चषक पहिल्यांदाच बाईंच्या हातून निसटला. मिळाला कोणाला? क्रॅडकला! त्यांच्या पानांना एक भोक नव्हतं.

"माझी पानं चोरून नेतो मेला!"

"कुरतडून?" सेड्रिकनी विचारलं.

सप्टेंबरात डेलिया बघायला झुंबड उडाली. क्रॅडक फाटकातून आत येतात न येतात तोच पाऊस कोसळला आणि सगळे चहाच्या मांडवात घुसले. टोपली टेबलावर, केकच्या शेजारी! बाईंना राहवेना. त्यांनी फर्रकन फडकं ओढलं.

आत गोगलगायीच गोगलगायी! एक तर केकवर चढायलाही लागली.

"मारवत नाहीत हो मला," क्रॅडक कानापर्यंत लाल झाले. "आणि तुमच्याकडे त्यांची खाण्याची चंगळ असते..."

"ह्या घ्या! आणि आधी सोडलेल्या झाडून सगळ्या परत न्या! आत्ताच्या आत्ता!" बाई कडाडल्या.

क्रॅडकनी चष्मा पुसला, होस्टाच्या वाफ्याकडे नीट पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले,

"नेतो की, बाई. फक्त त्यांतल्या माझ्या कुठल्या आणि तुमच्या कुठल्या, तेवढं सांगा!"